कंप्रेसरवर ओतलेलं पाणी

होळी पेटून गेली की आमच्या अहमदपूरचं ऊन एकदम अंगावर येतं. काल-परवापर्यंत अंगणात बसून चहा पिणारी माणसं सकाळी नऊलाच दारं लोटून घेतात. मग अशाच एखाद्या दुपारी मी गाडीचा एसी त्या वर्षात पहिल्यांदा लावते. लावते म्हणजे बटण दाबते आणि गप्प बसते. आधी पंखा घरघरतो, वर्षभराची धूळ नाकात जाते, आणि मग पुढून, बॉनेटखालून, एक आवाज यावा लागतो. टक्. दार लोटल्यावर कडी आपोआप पडावी तेवढाच. तो आला की गाडी काढायची. इतकी वर्षं झाली, दरवेळी येतो, आणि तरी तो येईपर्यंत मी गिअरला हात लावत नाही.

यंदा तो आला तेव्हा माय शेजारी बसली होती. डोळे दाखवायला नेत होते तिला. मी बटण दाबलं तशी तीही बोलता बोलता थांबली. आवाज आला. "लागला," ती म्हणाली, आणि पदर सावरून पुन्हा धाकट्या भाच्याच्या लग्नाचं सांगायला लागली. गाडी जुनी झाली माय, विकून टाकू, असं मी वर्षातून एकदा म्हणून बघते. त्या दिवशी ती जेवत नाही. संपला विषय.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा, असं म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. बाहेरची माणसं मात्र रेल्वेचंच विचारतात. किती डबे होते, कुठून आली, गर्दी किती होती. मला काय माहीत! मी ती रेल्वे बघितलीच नाही. मी बघितला तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी येणारा टँकर, आणि माझ्या बापाची पाण्याची बाटली.

बाबा बसडेपोत मेकॅनिक होते. जन्मभर बसखाली उताणं झोपून काढलेला माणूस. निवृत्त झाले, सत्कार झाला, शाल मिळाली, आणि थोड्याच काळात दोन्ही किडन्यांनी हात वर केले. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. अंगातलं रक्त नळीनं बाहेर काढायचं, मशीनमधून धुऊन परत आत सोडायचं. लघवी जवळजवळ बंद, म्हणून प्यालेला घोट अंगातच साठायचा. आधी पायावर सूज, मग छातीत पाणी, मग धाप. त्यामुळे सरकारनं आमच्या गावाचं पाणी मोजायच्या आधीच डॉक्टरांनी बाबांचं मोजून दिलं होतं. दिवसाला एक लहान बाटली. बाबांनी तिच्यावर काळ्या पेनानं रेघा मारल्या होत्या. ही सकाळची, ही दुपारची, ही गोळ्यांची.

"आन् ही खालची?" मायनं विचारलं.

"ती राखीव हाय. बसमधी स्टेपनी असती का न्हाई, तशी."

तहान म्हणजे काय असतं ते मी त्या उन्हाळ्यात बघितलं. तहान लागलेला माणूस पाणी मागतो असं आपल्याला वाटतं. बाबा मागायचे नाहीत. ते नुसते बघायचे. कुणी तांब्या उचलला की बघायचे, टीव्हीत कुणी नळ सोडला की बघायचे, शेजारची म्हैस बादलीत तोंड घालायची तर तिच्या गळ्याकडं बघायचे. तोंडात लवंग धरून बसायचे. जीभ कोरडी पडून शब्द चिकटायला लागले की मान वळवून भिंतीकडं तोंड करायचे. मला रडू यायचं आणि रागही यायचा, कुणाचा ते मात्र कळायचं नाही.

म्हणून आमच्या घरात एक रीत पडली. कुणी ठरवली नाही, पडली. बाबांसमोर कुणी पाणी प्यायचं नाही. मी शाळेत पिऊन यायची. मी मास्तरीण, सातवीला विज्ञान शिकवते, शाळेत टाकी होती, कधी भरलेली, कधी नुसती टाकी. माय मागच्या दाराला जाऊन, भिंतीकडं तोंड करून, बांगड्यांचा आवाज होऊ न देता प्यायची. पाहुणा आला की ती त्याला आधी मागच्या अंगणात न्यायची. पाहुण्यांना वाटायचं, हात धुवायला. प्रवासात गाडीत फक्त बाबांची बाटली. आम्ही दोघी घरून पिऊन निघायचो आणि परत घरी येऊन प्यायचो. बाबांना हे सगळं ठाऊक होतं, पण ते कधी बोलले नाहीत.

डायलिसिसच्या मशीनलाही पाणी लागतं, आणि थोडंथोडकं नाही, बदाबदा लागतं. लातूरच्या ज्या सेंटरला आम्ही जायचो तिथं पाणी पुरेना. आधी संध्याकाळची पाळी बंद झाली, मग आमच्यासारख्या तालुक्याच्या माणसांना सांगितलं, दुसरीकडं सोय बघा. ज्या माणसाला पाणी प्यायची बंदी, त्याचा जीव पाण्यावाचून अडला. मी डोक्याला हात लावून तिथंच पायरीवर बसले. बाबा म्हणाले, "ऊठ. नांदेड काय विलायत हाय व्हय?"

नांदेडला जागा मिळाली. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "जिल्हा कुठला?"

"लातूर."

"मग दुपारची वेळ. सकाळी आमची माणसं असतात."

त्याचंही खोटं नव्हतं. त्यांचीच माणसं ओट्यावर झोपून वाट बघत होती. पण दुपारची वेळ म्हणजे ऐन टळटळीत उन्हात अहमदपूरहून निघायचं, माळेगाव, लोहा करत नांदेड गाठायचं. बाबा खिडकीपाशी वाकून म्हणाले, "सायेब, मी जलमलो तवा आमचं गाव बिदर जिल्ह्यात होतं. शाळंत गेलो तवा उस्मानाबादेत. नोकरीत आसताना लातूर जिल्हा झाला. आता उदगीर जिल्हा करायचं चाललंय म्हणत्यात. मी हाय तिथंच हाय, जिल्हाच मपल्या आंगावरून जाऊन राहिला." माणूस हसला. वेळ मात्र दुपारचीच राहिली.

नव्या जिल्ह्याची चर्चा त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेतही चालायची. उदगीर जिल्हा झाला की अहमदपूर तिकडं जाणार, का नाही जाणार, का अहमदपूरचाच जिल्हा मागायचा. बाया घागरीवर बसून भांडायच्या. एक म्हातारी म्हणायची, जिल्हा कुठला बी द्या, आमच्या गल्लीत नळ द्या. लातूर जिल्हा झाला त्या दिवशी डेपोत पेढे वाटले होते, बाबा सांगायचे, आणि त्यांनी बसच्या पाट्या स्वतः रंगवल्या होत्या. जिल्हा नवा झाला की सगळं जवळ येतं, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. मला वाटतं ते त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

गाडी मी आदल्या वर्षी घेतली होती, जुनीच, कुणीतरी वापरलेली, बाबांना दवाखान्यात न्यायला म्हणून. एसी ही त्यातली चैन. बाबा सुरुवातीला चिडवायचे, "मास्तरीणबाई थंड हवा खाऊन राहिल्या." पण नांदेडच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि चैन बाजूला राहिली. बंद काचेच्या डब्यात ते ऊन, त्यात तो तहानलेला जीव. एसी चालला तर बाबा वरच्या रेघेवर नांदेड गाठायचे. नाही चालला तर तहान अनावर व्हायची, बाटली वाटेतच संपायची. आणि परतीचा प्रवास तर त्याहून वाईट. मशीनवरून उतरल्यावर रक्तदाब खाली गेलेला असायचा, उन्हाची एक झळ लागली की डोळे फिरायचे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, बाई, यांना उष्णतेत आणू नका, एखाद्या दिवशी रस्त्यातच जाईल माणूस. म्हणजे त्या गाडीच्या गार हवेवर माझा बाप टिकून होता. एवढं सरळ होतं ते.

आणि एसी बंद पडला. माळेगावच्या अलीकडं. निघताना लावला तेव्हा टक् वाजून सुरू झाला होता. अर्ध्या वाटेत गार हवा कोमट झाली, कोमटची गरम झाली. मी बटण दाबत राहिले. काही नाही. बाबा म्हणाले, "त्या लिंबाखाली घे."

बॉनेट उघडलं. वाफारा तोंडावर आला. बाबा वाकून बघत उभे राहिले, एका हातानं काठी धरून. दुसरा हात सुया टोचायचा, त्याच्यावर भार द्यायचा नाही, तो पोटाशी धरलेला. इंजिन चालू होतं. "हे बघ, पट्ट्यावरची पुली फिरून राहिली. आन् तिच्या तोंडावरची ही थाळी? हुबी हाय. हिनं पुलीला चिकटायला पायजे, तवा कंप्रेसर फिरंल. चिकटंना झालीय." त्यांनी खाली पडलेली एक काडी उचलून लांबून त्या थाळीला जरा दाबली. काडी मोडली. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं, गाडीच्या दारातून आपली बाटली काढली, टोपण उघडलं, आणि मला काही कळायच्या आत ती सगळी, राखीवसकट, त्या तापलेल्या थाळीवर आणि पुलीवर ओतली. चर्रर्र झालं.

टक्.

"बाबा!" मी किंचाळले. "काय केलं हे? प्याल काय आता?"

"गरम झालं की बेजार होऊन राहिलंय ते. गार केलं की लागतं. कळ्ळं का, रोग कळ्ळा," ते म्हणाले. चेहऱ्यावर डेपोतला आनंद! माय मागच्या सीटवर बसून रडत होती. "आवं, तुमचं पानी व्हतं त्ये." बाबा आत बसले, दार लावलं, आणि ओठांवरून जीभ फिरवून म्हणाले, "चला. बंद पडायच्या आत नांदेड गाठू." लोह्याच्या पुढं एसी पुन्हा बंद पडला. पण तोवर बराच रस्ता सरला होता. परतताना अंधार पडायची वाट बघून निघालो.

गॅरेजवाल्यानं सांगितलं, पूर्ण कंप्रेसर बदलावा लागेल. सामान बाहेरून मागवायचं, गाडी इथंच सोडा, येईल चार-आठ दिवसांत. मी म्हटलं, दादा, मधे दोन वेळा डायलिसिस आहे. तो भला माणूस होता, हळहळला, म्हणाला, दुसरी गाडी करा. एसीची भाड्याची गाडी त्या दिवसांत मिळेना. लग्नं, पुढारी, पाहणीला आलेले साहेब, सगळ्यांना गार गाडीच हवी होती. मी फोन करून करून थकले.

सकाळी बाबांनी जाहीर केलं, "आपुन घरीच करू. क्लच म्हंजे क्लच. जलमभर बसचे क्लच उतरवले. आतलं लाइनिंग घासलं आसंल, दुसरं लावू."

मी फोनवर दोन-चार व्हिडिओ बघून बसले होते. "बाबा, याच्यात लाइनिंग नसतं. चुंबक असतो."

"चुंबक कामून आसंल? गाडी हाय का तुपली शाळा हाय?"

मग मी चिडून त्यांना माझा सातवीचा धडा शिकवला. अक्षरशः. खिळा, तार, सेल, टाचण्या. तारेतून वीज गेली की खिळा टाचण्या उचलतो. टाचणी जरा लांब धरली की उचलत नाही. पुलीच्या आत अशीच तारेची रिंग आहे, वीज गेली की ती समोरची थाळी ओढून घेते. थाळी झिजली, दोघांतलं अंतर वाढलं. गार असताना चुंबकाला जोर असतो, कसंतरी ओढतो. तापला की जोर कमी होतो, अंतर तोडता येत नाही. बाबा टाचण्यांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मंग अंतर कमी कर."

"कसं?"

"आता ते मी सांगतो," म्हणून ते असे सरसावून बसले की काय सांगावं! "थाळीच्या मागं, दांड्यावर, बारीक चकत्या आसतील. कागदासारख्या. शिम म्हणत्यात त्याला. एखादी काढली की थाळी तेवढी आत सरकती. पर सगळ्या काढायच्या न्हाईत. सगळ्या काढल्या तर थाळी कायमची चिकटून बसंल, जळंल."

अंगणात, पत्र्याच्या सावलीत काम काढलं. जॅकवर गाडी चढवली, चाक उतरवलं, मी सलवार खोचून खाली घुसले. बाबा स्टुलावर, डोक्यावर ओला पंचा. बोल्ट फिरवला की थाळीच गरकन फिरायची. "धरून ठिवायला पायजे तिला," बाबा म्हणाले आणि सायकलची जुनी ट्यूब मागवली. ती थाळीभोवती गुंडाळली, तिची दोन टोकं मायच्या हातात दिली. "वढ. आगं वढ, कामून लाजून राहिलीस?" माय पाय रोवून ओढतेय, मी खालून पान्यावर सगळा भार टाकतेय, बाबा वरून "अजून, अजून" करतायत. बोल्ट कडकन सुटला तशी माय धाडकन मागं बसली. आणि हसली. त्या उन्हाळ्यात ती दुसऱ्यांदा हसलेली मला आठवत नाही.

थाळी ओढून काढली. मागं, काळ्या तेलात चिकटलेल्या, नखानं सोडवाव्या लागल्या अशा तीन चकत्या. अंगठीएवढ्या, फुंकर मारली तर उडतील. बाबांनी परातीत कागद पसरला होता, त्यावर थाळी, बोल्ट, चकत्या मांडून ठेवल्या. एक चकती कमी करू, दोन परत घालू, असं ते म्हणतच होते.

आणि टँकरचा हॉर्न वाजला.

टँकरचा हॉर्न म्हणजे काय हे ज्यानं ते दिवस काढले त्यालाच कळेल. माणूस विचार करत नाही. पाय पळतात. मी गाडीखालून निघाले ती घागर घेऊन पळाले. मायनं दोन हंडे उचलले आणि उचलली परात. परात का? टँकरच्या पाइपाखाली घागर भरताना बाजूनं पाणी सांडतं ना, ते धरायला आमच्या गल्लीत प्रत्येक बाई घागरीखाली परात ठेवायची. त्या परातीतल्या पाण्यानं मागून भांडी व्हायची, पोतेरं व्हायचं. मायच्या हाताला ती सवय. हॉर्न वाजला की हंडा आणि परात. तिनं पळता पळता परात झटकली आणि गर्दीत शिरली.

बाबा ओरडले म्हणे. पण त्या कल्ल्यात कुणाला ऐकू येतंय!

घागर भरून आले तर बाबा स्टुलावरून खाली उतरून अंगणात बसले होते. थाळी उंबऱ्यापाशी सापडली होती, बोल्ट नालीच्या कडेला. चकत्या नव्हत्या. दार ते टँकर, सगळी गल्ली चिखल झालेली, त्यात शंभर पायांचे ठसे, अजून बाया घागरी घेऊन ये-जा करतायत. माय परात हातात धरून तशीच उभी. मग ती कशीबशी म्हणाली, "मी मारलं तुमाला."

"खुळी का काय," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज खोल गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी नांदेड होतं. त्यांच्या पायावर सूज चढायला लागलेली मला दिसत होती. मला वाटलं, संपलं. अगदी खरं सांगते, मी चिखलाकडं बघत उभी राहिले आणि मनात आलं, ही गाडी आता इथंच चाकाविना उभी राहणार आणि माझा बाप अंगणातच, अंगातल्या पाण्यात बुडून मरणार, ज्या गावात प्यायला पाणी नाही त्या गावात.

मग आठवलं, चकत्या लोखंडी. आणि शाळेच्या प्रयोगपेटीतला नालासारखा चुंबक माझ्याच पिशवीत, आदल्या दिवशीच्या धड्याचा. मी त्याला दोरी बांधली आणि चिखलातून ओढत निघाले. बायांनी विचारलं, काय हरवलं? मायनं सांगितलं. झालं. ज्या बाया घागरीच्या नंबरावरून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या त्या सगळ्या पदर खोचून खाली बसल्या. कुणी बोटांनी चिखल चाळतेय, कुणी चाळणीच घेऊन आली. एकीनं हंडा आडवा धरला आणि थोडं पाणी टाकून चिखल पातळ करू का म्हणाली. टँकरचं पाणी, आत्ता भरलेलं! मीच नको म्हटलं. चुंबकाला काय काय चिकटून आलं! खिळे, सुया, केसातल्या पिना, बाटल्यांची पत्र्याची बुचं, शिलाई मशीनचा कापड दाबायचा पाय. जयंतीच्या कमानीच्या तारा. गल्लीतल्या सगळ्या घरांचं हरवलेलं वर येत होतं. आणि अगदी ऊन कलताना, एका तारेच्या तुकड्यामागं चिकटून, एक चकती.

एकच. बाकीच्या दोन अजून त्या गल्लीत आहेत. वर आता सिमेंटचा रस्ता झालाय.

बाबांनी ती पुसली, डोळ्यापाशी धरली, बोटांनी चाचपली. "दोन घालायच्या व्हत्या," ते म्हणाले. "एक हाय. घासंल जरा. काय व्हतंय ते बघू." चकती घातली, थाळी बसवली, बोल्ट आवळला. अंतर किती राहिलं ते बघायला त्यांनी लग्नाची पत्रिका मागितली. घरात एकच होती, मायच्या थोरल्या भाच्याची, पाणी नाही म्हणून पुढं ढकललेल्या लग्नाची. तिची कड त्या फटीत घातली. अडखळत, पण गेली. "पत्रिका जाती," बाबा म्हणाले, "म्हंजे लगीन व्हईल." इंजिन चालू केलं. बटण दाबलं. टक्. एसी बंद केला तरी बारीक घासल्याचा आवाज येत राहिला, चाकूला धार लावताना येतो तसा. जास्त घासलं तर तापेल, तापलं तर जळेल. रात्रभर मी तोच आवाज ऐकत पडले होते, गाडी बंद असताना.

दुसऱ्या दिवशी निघालो. एसी लावला, काचा चढवल्या. अहमदपूर मागं गेलं. मी रस्ता बघत नव्हते, मी कान देऊन गाडी चालवत होते. माळेगाव आलं. त्या लिंबापाशी मी एसीच्या जाळीपुढं हात धरला. हवा गार. लोहा आलं. हवा गारच. सोनखेड. बाबांनी बाटली मांडीत धरली होती, टोपण न उघडता. विष्णुपुरीच्या अलीकडं ते म्हणाले, "जरा कमी कर. हुडहुडी भरून राहिली." मी रस्त्याच्या कडेला गाडी घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. मागून मायचा हात माझ्या पाठीवर फिरत राहिला. दवाखान्यात सिस्टरनं वजन केलं आणि विचारलं, "काका, आज पाणीच नाही का प्यालात?"

तो सगळा उन्हाळा त्या एका चकतीनं काढला. घासणं हळूहळू थांबलं, जिथं बसायचं तिथं ती थाळी बसली. बाबा प्रत्येक वेळी टक् वाजला की एक बोट वर करायचे. नव्या जिल्ह्याचं काही झालं नाही. टँकर येत राहिला.

मग आभाळ भरून यायचे दिवस आले, आणि बाबांचं अंग मशीनला साथ देईना. रक्तदाब मशीनवर घेतानाच खाली जायला लागला. एक दिवस नांदेडला डॉक्टरांनी मला आणि मायला बाहेर बोलावलं. अर्ध्यातूनच थांबवलंय म्हणाले. आता पुन्हा आणण्यात अर्थ नाही. घरी न्या. मी विचारलं, पाण्याचं कसं करायचं, किती द्यायचं? ते म्हणाले, "बाई, आता द्या त्यांना. मागतील तेवढं द्या."

मायला ते बरं वाटलं. त्याचा अर्थ आधी तिला कळलाच नाही. तिनं लगबगीनं नळावरून बाटली काठोकाठ भरून आणली. ती रेघांची बाटली, पहिल्यांदाच सगळ्या रेघांच्या वरपर्यंत भरलेली. बाबांना गाडीत बसवलं, ती बाटली त्यांच्या हातात दिली. "डाक्टर म्हनले, पेवा. मोजायचं न्हाई आता."

बाबांनी बाटलीकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. मी बटण दाबलं. टक् वाजला. त्यांनी बोट वर केलं.

लोह्यापर्यंत त्यांनी टोपण उघडलं नाही. मग उघडलं, पहिल्या रेघेपुरतं प्याले, मनगटानं ओठ पुसले, आणि बाटली मागं मायकडं धरली.

"पे," ते म्हणाले. "सकाळपसून प्याली न्हाईस."

"मी घरी..."

"मपल्या म्होरं पे."

माय बाटली हातात धरून बसली. मग तिनं पदर बाजूला केला, मान वर केली, आणि प्याली. गटागटा, आवाज करत, हनुवटीवरून लुगड्यावर सांडत. बाबा मान वळवून तिच्या गळ्याकडं बघत होते. बाटली संपेपर्यंत बघत होते. मी एसी थोडा कमी केला आणि गाडी हळू चालवली.